प्रार्थनाकीटकाच्या पिलांचें संगोपन

तुरीचें पीक निघाल्यावर तुराट्यांच्या पेंढ्या बांधून त्या घराच्या भिंतीला टेकवून ठेवण्याची चाल मराठवाड्यांत जागोजाग दिसते. हिंगोली जिल्ह्यांतील सेनगांव तालुक्यांत असलेलें पुसेगांव हें तशाच काळ्या जमिनीच्या मुलखांतलें गांव. (सेवागिरी महाराजांच्या यात्रेमुळें प्रसिद्ध असलेलें सातारा जिल्ह्यांतील पुसेगांव तें निराळें.) अशा पेंढींतील तुराटी चुलींत घालण्यापूर्वी निरखून पाहिली, तर तिच्यावर बोराएवढी, फिकट तपकिरी रंगाची, वाळलेल्या फेसासारखी एक गांठ चिकटलेली कधीं कधीं आढळते. डिंकाचा गोळा समजून कोणी ती खरवडून टाकतो. पण बहुतेक वेळां तिच्याकडे लक्षही न जातां ती तुराटीबरोबर जळून जाते. ही गांठ म्हणजे खंडोबाच्या किड्याच्या अंड्यांची पेटी होय, आणि तिच्यांत शंभराहून अधिक जीव निजलेले असूं शकतात.

खंडोबाचा किडा अथवा प्रार्थनाकीटक ह्याला शहरांतील घरांत सरसकट नाकतोडा म्हणतात. तें बरोबर नाहीं. नाकतोडा पानें खातो आणि मागच्या लांब तंगड्यांनीं उडी मारून पळतो. प्रार्थनाकीटक पानाला तोंड लावीत नाहीं, तो जिवंत प्राणी मारून खातो. त्याचे पुढचे दोन पाय मुख्यतः पकडण्यासाठीं असतात. त्यांच्या मांडीवर व नडगीवर कांट्यांच्या ओळी असतात, आणि चाकूचें पातें मुठींत मिटावें तशी नडगी मांडीवर मिटते. हे पाय छातीशीं जोडून तो तासन् तास स्तब्ध बसतो, म्हणून पाहणाराला तो प्रार्थना करीत आहे असें वाटतें. ‘मँटिस’ हा मूळचा ग्रीक शब्द, त्याचा अर्थ भविष्यवेत्ता. आणि लिनियसनें १७५८ सालीं यूरोपांतील परिचित जातीच्या नांवांत ‘धार्मिक’ ह्या अर्थाचें विशेषण जोडून तो गोड गैरसमज शास्त्रांतही कायम केला. शास्त्रज्ञ मात्र ह्या प्राण्याचें गोत्र टोळांशीं न जुळवितां झुरळांशीं व वाळवीशीं जुळवितात. झुरळ दिसतांच जो मनुष्य पाटावरून उठून उभा राहतो, तोच झुरळाच्या ह्या चुलत भावाला तळहातावर घेऊन कौतुकानें न्याहाळतो, हा सगळा रूपाचा महिमा.

जगांत प्रार्थनाकीटकांच्या सुमारें २,४०० जाती ज्ञात आहेत. कांहीं झाडाच्या सालीसारख्या चपट्या व करड्या, कांहीं गवताच्या काडीसारख्या, कांहीं फुलांवर दबा धरणाऱ्या. आपल्याकडे झुडपांवर दिसणाऱ्या मोठ्या हिरव्या प्रार्थनाकीटकांपैकीं पुष्कळ हायरोड्यूला ह्या वंशांतील असतात, आणि घरांत वाढविण्यास त्याच सर्वांत सोयीच्या. त्यांचीं पिलें दणकट असतात, खाण्याच्या बाबतींत चोखंदळ नसतात, आणि दक्षिणेंतील हवा त्यांना जन्मतःच मानवलेली असते.

अंड्यांची पेटी सांपडल्यास ती सोलून काढूं नये. काटकीसकट कापून आणावी. मादी अंडीं घालतांना पोटाच्या टोकांतून एक चिकट द्रव सोडते व तो घुसळते. त्याचा फेस होतो आणि थोड्याच वेळांत वाळून कठीण बनतो. अंडीं आंत रांगांनीं मांडलेलीं असतात आणि मधल्या कण्याच्या बाजूनें पिलांना बाहेर पडण्याची वाट राखलेली असते. म्हणूनच पेटी घेण्यापूर्वी तिच्या कडा तपासाव्या. बाजूंवर टांचणीनें पाडल्यासारखीं वाटोळीं भोकें दिसलीं, तर तेथें आधींच चोरी झाली असें समजावें. पोडाग्रिऑन नांवाची एक चिमुकली, धातूसारखी चमकणारी गांधीलमाशीच्या कुळांतील माशी आपली लांब नळी फेसांत खुपसून प्रार्थनाकीटकाच्या अंड्यांत स्वतःचीं अंडीं घालते. तिचीं पोरें तीं अंडीं खाऊन वाढतात व तीं भोकें पाडून बाहेर येतात. प्रार्थनाकीटकाचीं पिलें निघून गेलेल्या पेटीवर मात्र फारशी खूण राहत नाहीं. पेटी आणली आणि महिन्याभरानें तिच्यांतून ह्या परक्या माश्या निघाल्या, असा अनुभव पाळणारांना येतो. त्यांत त्यांचा दोष नसतो.

काटकी ज्या बाजूनें झाडावर होती त्याच बाजूनें ती एका मोठ्या बरणींत उभी बांधावी, आणि पेटीच्या खालीं चार बोटें तरी मोकळी जागा सोडावी. बरणीच्या तोंडाला झांकण न लावतां मलमलीचा तुकडा दोऱ्यानें ताणून बांधावा. दोन-तीन दिवसांनीं पाण्याचा अगदीं हलका शिडकावा पुरे. रोज भिजविल्यास बुरशी धरते. हवा पंचवीस ते तीस अंश सेल्सिअसची असली, तर चार ते सहा आठवड्यांत पिलें निघण्याची अपेक्षा करावी. गारठ्यांत हा काळ बराच लांबतो, आणि लांबला म्हणून पेटी फेंकून देऊं नये.

पिलें बहुधा सकाळीं निघतात, आणि तो देखावा घरांतील सर्वांनीं काम टाकून पाहावा असा असतो. पेटीच्या कण्यांतून प्रथम पिवळसर, हातपाय नसल्यासारखे दिसणारे जीव बाहेर सरकतात. प्रत्येक जण एका सूक्ष्म धाग्याला लोंबकळतो, आणि तेथेंच आपली पहिली पातळ खोळ उतरवितो. तासा-दोन तासांत त्या घोसांतून मुंगीएवढे परंतु सर्वांगानें पूर्ण प्रार्थनाकीटक चालूं लागतात. त्रिकोणी डोकें, मोठे डोळे, जोडलेले पाय, सर्व जागच्या जागीं. न्यून काय तें पंखांचें. फुलपाखराप्रमाणें अळी, कोश, मग पाखरूं असा प्रकार येथें नाहीं. जें रूप पहिल्या दिवशीं, तेंच अनेकदां कात टाकीत मोठें होत जातें.

येथें पाळणारावर पहिला कठीण प्रसंग येतो. शंभर पिलें एका बरणींत ठेवलीं तर तीं एकमेकांना खातात. हा दुष्टपणा नव्हे; हलणारी, पकडतां येण्याजोगी वस्तु ती अन्न, एवढाच त्यांचा न्याय. आणि शंभर पिलांसाठीं शंभर बरण्या मांडून त्यांत रोज शिकार पुरविणें कोणत्याही गृहस्थाला शक्य नाहीं. म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांतच पांच किंवा सात पिलें ठेवून घ्यावीं, आणि बाकीचीं बागेंत निरनिराळ्या झुडपांवर विखरून सोडावीं. मुलांना हें पटत नाहीं. सगळींच वाचवावीं असा त्यांचा हट्ट असतो, आणि आईवडील तो मोडूं शकले नाहींत तर आठवड्याअखेर बरणींत दोन गलेलठ्ठ पिलें आणि पुष्कळ तुटके पाय उरतात. सोडलेल्या पिलांपैकींही बहुतेक मरतातच; मुंग्या, कोळी, सरडे व पांखरें त्यांची वाट पाहत असतात. परंतु तें मरण आणि बरणींतलें मरण ह्यांत फरक आहे, हें मुलांना समजावून सांगतां येतें.

ठेवलेलीं पिलें उचलण्यास चिमटा वापरूं नये. चित्रें रंगविण्याचा मऊ कुंचला पुढें धरावा, म्हणजे पिलूं आपण होऊन त्यावर चढतें. प्रत्येकास वेगळी लहान बरणी द्यावी. ज्या टेबलावर बरण्या असतील त्याच्या पायांखालीं पाण्याच्या वाट्या ठेवाव्या. आजीच्या काळीं दुधाच्या कपाटाला मुंग्या लागूं नयेत म्हणून जी युक्ति करीत, तीच ही. कारण मुंग्या मलमलीखालून शिरून रात्रींतून पिलाचा फडशा पाडतात.

आतां आहार. जन्मल्यावर एखादा दिवस पिलूं कांहीं खात नाहीं. त्यानंतर त्याला जिवंत, हलणारें आणि त्याच्या अंगाच्या निम्म्याहून मोठें नसलेलें भक्ष्य लागतें. भाताचें शीत, दूध, फळाची फोड ह्यांकडे तें ढुंकून पाहत नाहीं. मेलेली माशीही त्याच्या लेखीं दगडासारखी. कारण जें हलत नाहीं त्याला तें अन्न म्हणून ओळखीतच नाहीं. पहिल्या दोन अवस्थांत सर्वांत उत्तम खाद्य म्हणजे अति पिकलेल्या केळ्यांवर जमणारीं चिलटें. तीं घरांतच पैदा करतां येतात. एका बरणींत काळें पडलेलें केळें कुसकरून घालावें, त्यावर चिमूटभर यीस्ट टाकावें, चिलटांना बसण्यास कागदाची घडी उभी करावी, आणि बरणी स्वयंपाकघरांत उघडी ठेवावी. दोन दिवसांत पुरेशीं चिलटें आंत आलीं कीं तोंड कापडानें बांधावें. पंचवीस अंशांच्या आसपास दहा-बारा दिवसांत नवी पिढी उडूं लागते. तेव्हां पिलें निघण्याची वाट न पाहतां, पेटी घरांत आणली त्याच आठवड्यांत ही तयारी करावी. पिलें निघालीं आणि चिलटें नाहींत, अशी धांवपळ पुष्कळ घरांत होते, आणि त्या चार दिवसांतच निम्मीं पिलें जातात. तशीच वेळ आली तर गुलाबाच्या किंवा चवळीच्या कोंवळ्या शेंड्यावरील मावा उपयोगीं पडतो. परंतु मावा एका जागीं चिकटून बसतो. पिलाचें लक्ष त्याकडे जावें म्हणून शेंडा मधून मधून हलवावा लागतो.

दोनदां कात टाकल्यावर पिलूं घरमाशी पेलूं शकतें. पुढें लहान पतंग, तुडतुडे, रातकिड्यांचीं पोरें आणि शेवटीं झुरळेंही चालतात. लहान पिलाला एक-दोन दिवसांआड, मोठ्याला दोन-तीन दिवसांआड खाणें द्यावें. वेळापत्रकापेक्षां पिलाच्या पोटाकडे पाहणें अधिक खात्रीचें. पोट कागदासारखें चपटें झालें तर तें भुकेलें आहे; फुगून टंच झालें असेल तर कितीही हावरें दिसलें तरी थांबावें, कारण जड पोटाचें पिलूं उंचावरून पडलें तर पोट फुटण्याचा धोका असतो. मुंग्या व गांधीलमाश्या कधींही देऊं नयेत. रुईच्या झाडावरील पट्टेदार अळ्याही टाळाव्या, कारण त्या रुईच्या चिकांतील विष अंगांत सांठवितात.

पिलूं शिकार करतें तेव्हां त्याच्याजवळ बसून पाहण्यांत खरी मौज आहे. चिलट दिसतांच त्याचें डोकें तिकडे वळतें. खांद्यावरून मागें वळून पाहण्याची ही कला कीटकांत फार थोड्यांना साधते. मग तें अंग डावी-उजवीकडे हळूहळू झुलवूं लागतें. हा वाऱ्याचा झोका नव्हे. अंग झुलविलें कीं जवळची वस्तु अधिक सरकल्यासारखी दिसते व दूरची कमी. त्यावरून पिलूं अंतर मापतें. भक्ष्य टप्प्यांत आलें कीं पुढचे पाय सुटतात आणि सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी वेळांत मिटतात. प्रौढ प्रार्थनाकीटक दोन्ही डोळ्यांच्या दृष्टींतील भेदावरूनही अंतर ओळखतो, हें सॅम्युअल रॉसेल ह्यांनीं १९८३ सालीं दाखवून दिलें. इंग्लंडांतील न्यूकॅसल विद्यापीठांत जेनी रीड व विवेक नित्यानंद ह्यांनीं तर प्रार्थनाकीटकाच्या डोळ्यांपुढें दोन रंगांचा चिमुकला चष्मा मधमाशीच्या मेणानें चिकटविला आणि पडद्यावर कीटकाचें चित्र हलविलें. चित्र जवळ आल्याचा भास होतांच तो पडद्याकडे पाय झाडी, असें त्यांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलें. पिलांच्या उडीचाही असाच अभ्यास झाला आहे. २०१५ सालीं केंब्रिजचे माल्कम बरोज व त्यांचे सहकारी ह्यांनीं दाखविलें कीं, पंख नसलेलें पिलूं उडी मारतांना पोट व पाय क्रमाक्रमानें फिरवून सबंध शरीराचा तोल हवेंतच सांवरतें आणि नेमक्या काडीवर उतरतें. सगळा प्रकार डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत. बरणीचें कापड सोडतांना ही गोष्ट ज्यानें ध्यानांत ठेवली नाहीं, त्याला पुढचा अर्धा तास पलंगाखालीं रांगावें लागतें.

पाण्यासाठीं वाटी ठेवूं नये. लहान पिलूं तींत बुडतें. सकाळीं बरणीच्या एका बाजूस बारीक तुषार उडवावे. पिलूं दंवाप्रमाणें ते थेंब पितें. मराठवाड्यांत उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो व हवा अगदीं कोरडी होते. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळां शिडकावा करावा. बरणी उन्हांत मात्र कधींच ठेवूं नये. कांचेंत कोंडलेलें ऊन थोड्या मिनिटांत आंतल्या जिवाला भाजून काढतें.

सर्वांत मोठी परीक्षा कात टाकण्याची. जातीप्रमाणें व नर-मादीप्रमाणें पिलूं साधारण सहा ते नऊ वेळां कात टाकतें. ती वेळ जवळ आली कीं तें खाणें सोडतें. समोर आलेल्या माशीकडे पाठ फिरवितें किंवा तिला भिऊन मागें सरतें. नवख्या पाळणाराला वाटतें, पिलूं आजारी पडलें. आणि तो चिमट्यानें माशी त्याच्या तोंडाशीं नेतो. ह्यासारखी घातक माया नाहीं. त्या वेळीं उरलेलें सर्व भक्ष्य बरणींतून काढून घ्यावें, कारण कात टाकतांना निराधार झालेल्या पिलाला रातकिडा कुरतडूं शकतो. पिलूं छताला मागच्या पायांनीं धरून उलटें लटकतें. पाठीवर कात उकलते. आणि तें स्वतःच्या वजनानें जुन्या कातडीतून खालीं सरकूं लागतें. म्हणून बरणीची उंची पिलाच्या लांबीच्या तिप्पट तरी हवी, आणि छत खरबरीत हवें. मलमल ताणून बांधण्याचें खरें कारण हेंच. गुळगुळीत झांकणावरून पिलाची पकड सुटते, तें तळाशीं आदळतें, आणि मेणासारखें मऊ अंग जसें वांकेल तसेंच कठीण होतें. बाहेर सरकण्यास बहुधा अर्धा तासही लागत नाहीं. पण त्यानंतर कित्येक तास तें तसेंच लोंबत राहून वाळतें. त्या काळांत बरणीला हातही लावूं नये, आणि पुढें एक दिवस खाणें देऊं नये.

एखादा पाय जुन्या कातींत अडकलेला दिसला, तर ओढून सोडविण्याचा मोह आंवरावा. हवा दमट करण्यापलीकडे तेथें माणसाच्या हातीं फारसें कांहीं नसतें. पाय गेला तरी निराश होऊं नये. चालण्याचा पाय लहान वयांत तुटल्यास पुढच्या एक-दोन कातींनंतर तो पुन्हां फुटतो, प्रथम बारीक व वांकडा, मग जवळ जवळ पहिल्यासारखा. शेवटच्या कातीनंतर मात्र तुटलें तें तुटलें.

ह्या सगळ्यांत दक्ष माणसाचेंही न दिसणारें नुकसान होतें तें विषामुळें. हिंगोली जिल्ह्यांत सोयाबीन, कापूस, तूर, हळद हीं पिकें होतात, आणि पिकांवर कीटकनाशकांची फवारणी होते. फवारलेल्या शेतांतून धरून आणलेली माशी वरून धडधाकट दिसली तरी पिलाला ती पुरेशी आहे. जी माशी हातानें सहज सांपडते तिचाच अधिक संशय धरावा. निरोगी माशी सहजासहजीं हातीं लागत नाहीं. घरांतही डांसांची कांडी, झुरळांचा फवारा, कापराच्या गोळ्या ह्यांपासून बरण्या दूर असाव्या. म्हणूनच घरच्या केळ्यांवर पोसलेलीं चिलटें रानांतल्या शिकारीपेक्षां श्रेयस्कर.

शेतकऱ्याचा मित्र म्हणून प्रार्थनाकीटकाची प्रशंसा पुष्कळ होते. ती अर्धी खरी आहे. तो अळ्या, टोळ व पतंग खातो हें खरें; पण मधमाशी व माव्यावर जगणारे उपयुक्त भुंगेरेही तितक्याच आवडीनें खातो. अमेरिकेंत १८९६ च्या सुमारास फिलाडेल्फियाजवळ चिनी प्रार्थनाकीटक चुकून येऊन रुजला, आणि पुढें त्याच्या अंड्यांच्या पेट्या बागवाल्यांना विकण्याचा धंदाच निघाला. तेथें आज हा परदेशी प्राणी सर्वत्र पसरलेला आहे. ह्यावरून एवढेंच घ्यावयाचें कीं, पाळावयाची जात आपल्याच शिवारांतील असावी. दूरदेशची मागवूं नये, आणि मागविली तर ती कदापि बाहेर सोडूं नये.

शेवटची कात पडली कीं पंख येतात आणि वाढ थांबते. तेव्हां नर-मादी ओळखणें सोपें असतें. पोटाच्या खालच्या बाजूस मोजल्यास नराला आठ वळ्या दिसतात व मादीला सहा. नर सडपातळ व उडणारा, मादी जड. मादी नराला खाते ही कथा सर्वश्रुत आहे. तसें घडतें, परंतु प्रत्येक वेळीं नव्हे, आणि भुकेल्या मादीकडून अधिक. नर न भेटलेली मादीही अंड्यांची पेटी करते, पण तिच्यांतून पिलें निघत नाहींत.

म्हणून पंख आलेलीं पिलें घरांत मरेपर्यंत न ठेवतां ज्या गांवाहून पेटी आली तेथें नेऊन सोडणें बरें. पुसेगांवची तुराटी असेल तर पुसेगांवच्याच एखाद्या न फवारलेल्या बांधावर, बोरीबाभळीच्या जाळींत, ऊन उतरल्यावर, एकेकास निरनिराळ्या फांदीवर सोडावें. आणि पुढच्या हिवाळ्यांत तुराट्यांच्या पेंढ्या रचल्या जातील तेव्हां पेटी असलेली काडी बाजूस काढून, जमिनीपासून हातभर उंच, कुंपणाच्या सावलीच्या अंगाला उभी बांधून ठेवावी.